वस्ती : दोन

“बा देवा राखणदारा, आज तुझ्या वाडीन तुझ्या पायाकडे जो नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“हय ऱ्हवलेल्यांका आणि मुंबयक गेलेल्यांका, सगळ्यांका सारख्याच नजरेन सांभाळ रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि राज्याच्या अर्थसंकल्पात साकवांसाठी जी तरतूद झालेली आसा, तिची वाट ह्या व्हाळाकडे वळव रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

किंजळीच्या झाडाखालील त्या शेंदूर लावलेल्या पाषाणासमोर मी डोळे मिटून उभा होतो. माघ महिन्यातील कोवळे ऊन पाठीवर येत होते. डोळे उघडले तेव्हा पायवाटेवर दोन गृहस्थ उभे असलेले दिसले. त्यांपैकी एक आमच्या ग्रामपंचायतीचे ग्रामसेवक म्हापणकर होते. दुसरे मजला अपरिचित होते. त्यांची विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती आणि दोन्ही बूट हातात होते. म्हणजे ते व्हाळातील पाण्यातून चालत आले होते.

अपरिचित गृहस्थांनी झाडाच्या बुंध्यामागे डोकावून पाहिले, मग दगडी गडग्यापलीकडेही नजर टाकली.

“दुसरा माणूस कुठे गेला?” त्यांनी विचारले.

“कोण दुसरा?”

“होय होय म्हणणारा. आम्ही व्हाळातून ऐकून राहिलो होतो. एक सांगत होता, एक होय म्हणत होता.”

म्हापणकरांनी मान खाली घातली. त्यांना ठाऊक होते.

“साहेब,” मी म्हणालो, “दुसरा कोणी नाही. होय मीच म्हणतो.”

गाऱ्हाणे म्हणजे काय, हे ज्यांस अवगत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या कोकणात देवासमोर मागणे मांडताना एकाने एकेक वाक्य बोलावे आणि जमलेल्या साऱ्या पुरुषमंडळींनी एकमुखाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणावे, अशी रीत आहे. बोलण्याचा मान आम्हां घाडी लोकांचा. माझे वडील गाऱ्हाणे घालीत तेव्हा चिरेवाडीतील पुरुषांच्या होकाराने किंजळीवरील बगळे उडून जात असत. स्त्रिया दूर उभ्या राहत. त्यांनी होकार द्यावयाचा नसतो. वडिलांच्या पश्चात बोलण्याचे काम मजकडे आले, आणि त्याच सुमारास होकार देणारे एकेक करून मुंबईस गेले. शेवटी पुरुष असा मी एकटाच उरलो. होकाराविना गाऱ्हाणे अपुरे राहते. म्हणून वाक्य मी स्वतःच्या आवाजात बोलत असे आणि होकार किंचित जाड आवाजात देत असे, जेणेकरून दोन्हींत फरक राहावा.

हे सर्व मी त्या साहेबांना सांगितले नाही. विचारले एवढेच, “आपण कोण?”

“हे शाखा अभियंता ढोमणेसाहेब,” म्हापणकर म्हणाले. “साकवाची जागा बघूक इलेत.”

ते ऐकून माझ्या हातातील हळदीकुंकवाची पुडी पडली.

चिरेवाडी आणि मूळ गाव यांच्या मध्ये व्हाळ, म्हणजे ओढा, आहे. उन्हाळ्यात तो घोटाभर असतो. परंतु मिरग लागला की त्याचा अवतार पालटतो. पूर्वी वाडीतील गडीमाणसे दरवर्षी माडाची खोडे टाकून, वर फांद्या आणि माती घालून साकव बांधीत. साकव म्हणजे माणसाने चालत जाण्याजोगा लहानसा पूल. गडीमाणसे गेली आणि साकवही गेला. त्या व्हाळापायी माझे शिक्षण सातवीत थांबले, कारण शाळा पलीकडे होती. त्याच व्हाळापायी माझे लग्नही राहिले. मुलीचे वडील स्थळ पाहण्यास आले, पलीकडच्या काठावर उभे राहून त्यांनी पाणी पाहिले आणि तेथूनच हात जोडून परत फिरले. पुढे वाचनालयातील पुस्तके आणून वाचणे आणि वाडीतील बंद घरांच्या चाव्या सांभाळणे हे दोन उद्योग मी पत्करले.

वाडीत मजव्यतिरिक्त एकच व्यक्ती राहत होती, ती म्हणजे सत्यभामा राऊळ, आमची सतूकाकी. काकी माझ्या नात्याची नव्हे. परंतु माझी आई गेली त्या दिवसापासून माझे ताट तिच्या घरी मांडले जाई. तिचा मुलगा रघुवीर भांडुपला होता. आदल्या पावसाळ्यात काकी तापाने फणफणली आणि व्हाळ दोन्ही काठ सोडून वाहत होता. आरोग्य केंद्रातील नर्सबाईंनी पलीकडच्या काठावरून गोळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून, त्यास दगड जोडून माझ्याकडे फेकल्या आणि कोणती केव्हा द्यावयाची ते ओरडून सांगितले. पाण्याच्या आवाजात मला अर्धेच ऐकू आले. काकी वाचली. गणपतीस रघुवीर आला तेव्हा त्याला हे समजले. तो माझ्या देखत आईस म्हणाला, “साकव झालो तर तुझी मर्जी. नाय झालो तर पुढच्या मिरगाच्या आधी मी तुका उचलून न्हेतलंय.”

त्या दिवसापासून मी अर्ज लिहीत होतो. ग्रामसभेत ठराव मांडला. पंचायत समितीत गेलो, जिल्हा परिषदेत गेलो. ‘अर्थसंकल्प’, ‘तरतूद’, ‘लेखाशीर्ष’ हे शब्द तेथे शिकलो. तरतूद हा शब्द मला फार आवडला. इतक्या दूर बसलेल्या कोणीतरी आपल्यासारख्यासाठी आगाऊ काहीतरी बाजूला काढून ठेवावे, हे त्या शब्दात आहे, असे मला वाटे.

ढोमणेसाहेबांना आम्ही काकीच्या पडवीत आणले. काकीने गूळ आणि पाणी ठेवले आणि त्यांचे ओले पाय पाहून ती म्हणाली, “व्हाळातून इलास? बरां झाला. आता अर्जात काय लिवलेलां तां पायाक कळला असतला.”

साहेब हसले. ते भंडाऱ्याकडील होते आणि इकडे येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते, तरी त्यांना काकीचे बोलणे समजले.

“आजी, एक सांगा,” त्यांनी कागद काढला. “या वाडीत राहणारी माणसं किती? मला वर लिहून द्यावं लागते.”

काकीने बोटांवर मोजण्यास प्रारंभ केला. “बाबी राऊळाकडे सात. आबा परबाकडे नव. नाय, धाकट्या सुनेक दिवस गेलेत, धा धरा. सावळ्याकडे पाच. माझ्या घरात—”

“थांबा, थांबा. हे बाबी राऊळ घरी आहेत का आता?”

“आसत. नालासोपाऱ्याक.”

“आणि परब?”

“ते सगळे डोंबिवलेक.”

“आजी, मी इथे राहणारे विचारून राहिलो.”

“मगे मी काय सांगतंय? ऱ्हवतत हयच. कामाक थंय गेलेत.”

“किती वर्षं झाली कामाला जाऊन?”

काकीने आढ्याकडे पाहिले. “बाबी गेलो तेव्हा माझो घो जितो होतो.”

म्हापणकर तोंडावर रुमाल धरून खोकले. मला मात्र हसू आले नाही. आमच्याकडे सर्वच असे मोजतात. घर बंद असले तरी माणूस त्या घरचाच. तो बाहेर गेलेला असतो, इतकेच. परंतु सरकारी कागदावर ही मोजणी चालणार नाही, हे मी जाणून होतो.

साहेबांनी थोडा विचार केला. “बरं, चुली किती पेटतात?”

“चूल एकच,” काकी म्हणाली. “हो तातू माझ्याकडेच जेवता. ह्याका रांधूक येणा नाय. पुस्तक हातात धरून भात करता, म्हणान करपता.”

“म्हणजे एक चूल, माणसं दोन.”

“साहेब,” म्हापणकर पुढे झुकले, “मतदारयादीत सगळ्यांची नावं आहेत. ती धरली तर आकडा बरा दिसेल.”

“नाही. जे इथे जेवून राहिले तेच लिहितो.”

त्यांनी लिहिले. मी उलट्या बाजूने वाचले. वस्ती, आणि त्यापुढे दोन. माझी खात्री झाली की आता काही होणे नाही. दोघांसाठी कोणते सरकार पूल बांधील? मी काकीकडे पाहिले. ती साहेबांना आणखी गूळ वाढीत होती.

“आता दुसरा प्रश्न,” साहेब म्हणाले. “जागेवरून इथे भांडण आहे का? पाया कोणाच्या जमिनीत जाईल, कोण आडवा येईल?”

“भांडाण?” काकी म्हणाली. “भांडूक समोर माणूस तरी व्हयो. मी ह्याच्याशी भांडूक बघतंय, तर हो पुस्तकातला बोलता. मी शिवी दिली तर म्हणता, ‘काकी, आपला क्षोभ रास्त आहे.’ अशाक काय करशा?”

ढोमणेसाहेब मोठ्याने हसले आणि मग त्यांनी कागद मिटवून गुडघ्यावर ठेवला.

“तातूभाऊ, खरं सांगतो. राज्याच्या बजेटात साकवांसाठी पैसा धरतात, तो जिल्ह्याला येतो, जिल्ह्यातून गावाला. एका गावाला यंदा साकव मंजूर झाला. तर तिथे दोन भावक्या भांडून राहिल्या. एक म्हणते पाया इकडे घ्या, दुसरी म्हणते घेऊन दाखवा. कुदळ मारू देत नाहीत. मार्च संपला की तो पैसा जसा आला तसा वर परत. म्हणून आम्हाला म्हटलं, जिथे भांडण नाही अशी जागा पाहा. तुमच्या अर्जांचा गठ्ठा तिथे होताच.”

“परंतु वस्ती दोन,” मी म्हणालो.

“दोन म्हणजे काही शून्य नाही. लिहितो मी तसं. वरच्यांनी विचारलं तर सांगतो, पाण्यातून चालून पाहा म्हणून.”

माझ्या मनात आले, की आमच्या वाडीत माणसे असती तर भांडण असते, आणि भांडण असते तर साकव आला नसता.

निघताना साहेब पुन्हा त्या पाषाणापाशी थांबले. नारळ तसाच ठेवलेला होता.

“फोडला नाही?”

“गाऱ्हाणे पुरते झाले नव्हते. आपण आलात.”

त्यांनी हातातील बूट बाजूला ठेवले. “परगावच्या माणसाने होय म्हटलेलं चालते का?”

“चालता,” म्हापणकरच म्हणाले. “माणूस असलो म्हणजे झाला.”

मी पुन्हा प्रारंभापासून गाऱ्हाणे घातले. पहिले वाक्य संपले आणि सवयीने माझा घसा जाड आवाजासाठी तयार झाला. परंतु त्याआधीच शेजारून “होय महाराजा” असे आले. एक आवाज म्हापणकरांचा, मालवणी, आणि एक साहेबांचा, भंडाऱ्याकडचा. दोघांचा मेळ बसला नव्हता. मी पुढील वाक्य विसरलो. तेच वाक्य पुन्हा बोललो, आणि त्यांनी पुन्हा होकार दिला. काकी दूर आपल्या अंगणाच्या कडेला डोक्यावर पदर घेऊन, रीतीप्रमाणे मुक्याने उभी होती.

नंतर सर्व इतक्या वेगाने घडले की माझा विश्वास बसेना. कागद वरती गेला आणि मंजूर होऊन आला. कामगार आले. त्यांनी व्हाळाच्या काठी झोपड्या उभारल्या. सिमेंटची पोती काकीच्या खळ्यात रचली गेली. कोणी रेडिओ लावी, कोणी भांडे वाजवून गाई. काकी त्यांना पेज नेऊन देई आणि पेज पातळ झाली म्हणून त्यांच्याकडून बोलणी खाऊन घेई. त्या दिवसांत तिचा आवाज वाडीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येत असे. मार्च संपण्यापूर्वी स्लॅब घातला गेला. साकव आमच्या कल्पनेपेक्षा रुंद झाला. त्यावरून रिक्षा जाऊ शकेल, असे मुकादम म्हणाला. मग कामगारांनी झोपड्या मोडल्या आणि ते दुसऱ्या गावच्या कामावर गेले. त्या संध्याकाळी काकी आणि मी पडवीत बसलो असता रेडिओचा आवाज नाही हे दोघांच्याही ध्यानात आले.

मी समाधानात होतो. रघुवीर आला म्हणजे त्याला काय सांगावयाचे, ते वाक्य मी मनात घडवून ठेवले होते. ‘रघुवीरा, शासनाने आपली तरतूद पाळली, आता तूही आपला शब्द पाळ.’

मे महिन्याच्या अखेरीस तो आला. मी फणसाच्या झाडावर होतो. साकवावरून रिक्षा खडखडत आली आणि थेट काकीच्या दारात थांबली. चिरेवाडीच्या दारात आलेले ते पहिले वाहन. मी खाली उतरून धावत गेलो, वाक्य जिभेवर होते, आणि पाहतो तो पडवीत काकीची ट्रंक बांधून ठेवलेली. वर तिची गोधडी होती. गोधडीवर लोणच्याची बरणी, फडक्याने तोंड बांधलेली.

“ह्यां काय?” मी विचारले. त्या क्षणी मला पुस्तकातील भाषा आठवली नाही.

“जातंय मुंबयक,” काकी म्हणाली.

“कित्याक? साकव झालो. रघुवीरान कबूल केलेलां.”

“त्याना केलेलां. मी नाय.”

रघुवीर रिक्षावाल्यास ट्रंक उचलण्यास मदत करीत होता. तो म्हणाला, “माका इचारू नकोस, तातू. मी आपणहून इलंय नाय. तिनाच सरपंचाकडे जाऊन माका फोन केलो, साकव झालो, आता ये म्हणान.”

मी काकीकडे पाहिले. तिने पडवीतील खांबास टेकून चपला पायात घातल्या.

“गेल्या गणपतीतच माका जावचां होतां,” ती हळू आवाजात म्हणाली. “गुडघे चलत नाय, नातवंडां बोलवतत. पण जावचां कसां? पावसात व्हाळ भरलो की तू हय आणि सगळां जग थंय. तापान पडलंस तर गोळी फेकूक तरी कोण, झेलूक तरी कोण? तुका तसो टाकून माझो जीव थंय लागलो असतो? म्हणान ऱ्हवलंय. आता साकव झालो. आता तुझ्याकडे माणसां येतली.”

मी लोणच्याच्या बरणीचे फडके पुन्हा घट्ट बांधले.

“पोस्टमन दारात येतलो. नर्सबाय येतली. आणि बघ, चेडवाचो बापूस पण येतलो. ह्या खेपेक व्हाळ दाखवून परत जावक गावचा नाय त्याका.”

ती हसली. मीही हसलो असेन. साकव मी कोणासाठी मागितला होता, हे तिला सांगण्याचे माझ्या ओठांवर आले. परंतु तिच्या चेहऱ्यावर इतका निश्चिंतपणा होता, की आपण एखाद्याच्या झोपेत बोलू नये तसा मी थांबलो. इतके शब्द मी जमविले होते. त्यांतील एकही त्या अंगणात उपयोगी पडला नाही.

तिने घराची चावी माझ्या हातात दिली. इतर चाव्यांच्या जुडग्यात मी ती अडकवली.

रिक्षा निघाली. मी मागोमाग चालत गेलो. साकवाच्या मध्यावर काकीने रिक्षावाल्याच्या खांद्यावर थाप मारून गाडी थांबवली आणि बाहेर डोके काढले.

“तातू, गाऱ्हाणां घाल माझ्या वाटेचा.”

“हय? साकवार?”

“राखणदाराक हयसून ऐकाक येता.”

मी किंजळीच्या दिशेने तोंड करून हात जोडले. “बा देवा राखणदारा, तुझी ही लेक आज व्हाळ ओलांडून जाता आसा. तिच्या पायाक बळ दी आणि जशी न्हेतंस तशी परत हाड रे म्हाराजा.”

मी थांबलो. रघुवीर मागे बसून बरणी सांभाळत होता. त्याचे लक्ष नव्हते. मी सवयीने श्वास घेतला, जाड आवाजासाठी.

“व्हय म्हाराजा,” रिक्षातून आवाज आला. बारीक, थकलेला, स्त्रीचा.

रघुवीर दचकला. “आवशी, बायलमाणसां म्हणतत काय ह्यां?”

“आता कोण आसा हय नको म्हणूक?” काकी म्हणाली, आणि रिक्षावाल्यास, “चल रे बाबा.”

याला पुष्कळ वर्षे झाली. काकी भांडुपलाच वारली. तिने सांगितल्याप्रमाणे पोस्टमन दारात येतो. नर्सबाई स्कूटरवरून येऊन रक्तदाब पाहून जातात. काजूच्या हंगामात व्यापाऱ्याचा टेम्पो येतो आणि गणपतीत मोटारी येतात. मुंबईकर साकवाची स्तुती करतात, सातव्या दिवशी चाव्या मजकडे देतात आणि त्यावरून निघून जातात. साकव मजबूत आहे. त्याच्या कठड्यावर योजनेचे नाव लिहिलेले आहे. दर पावसाळ्यानंतर शेवाळ खरवडून मी ते स्वच्छ करतो. ढोमणेसाहेबांची बदली झाली. भात अजूनही करपतो.

माघात वाडीची राखण मी चुकवीत नाही. नारळ ठेवतो, हळदकुंकू वाहतो, किंजळीखाली उभा राहून एकेक वाक्य बोलतो. परंतु जाड आवाज मी पुन्हा कधी काढला नाही. वाक्य संपले की थांबतो. होकार द्यायला जितका वेळ लागतो तितका वेळ व्हाळाकडे कान लावून उभा राहतो, आणि मग पुढचे वाक्य बोलतो.